छंद म्हणून लाकूड कातण्यासाठी २५ हजारांत कोणता लेथ घ्यावा?

आपण लिहिले आहे की, नागपुरात घरामागच्या शेडमध्ये वाडगे, फुलदाण्या आणि जमल्यास पेन कातण्याचा आपला विचार आहे, हाताशी २५ हजार रुपये आहेत आणि जवळपास सारख्याच किमतीच्या दोन लेथमध्ये (लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवून हत्याराने कातण्याचे यंत्र) निवड होत नाही. एक नळ्यांच्या बेडचा (बेड म्हणजे यंत्राचा आडवा पाया), ४० इंच लांबीचा आणि १४ इंच स्विंगचा आहे. दुसरा बिडाचा, १८ इंच लांबीचा आणि १० इंच स्विंगचा मिनी लेथ आहे. मीही नागपुरातच फावल्या वेळात कातकाम करतो आणि माझे मत निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने आहे.

स्विंग म्हणजे बेडला न घासता फिरू शकेल अशा लाकडाचा जास्तीत जास्त व्यास. त्यामुळे १४ हा आकडा मोह पाडतो खरा, पण त्याच्या शेजारी त्याच यंत्राचा सर्वांत कमी वेग वाचावा. नळ्यांच्या बेडच्या स्वस्त यंत्रांमध्ये तो बहुधा मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास असतो. कातकामात एक ढोबळ हिशेब वापरला जातो: व्यास इंचांत घेऊन त्याला फेऱ्यांनी गुणले, तर उत्तर ६ ते ९ हजारांच्या दरम्यान यावे. १२ इंची तुकड्याला ८०० फेऱ्या दिल्या, तर ते ९,६०० येते आणि लाकडाची कड ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने धावू लागते, तेही तुकडा अजून वाकडातिकडा आणि एका बाजूने जड असताना. म्हणजे ज्या मापासाठी आपण पैसे मोजतो, ते माप त्या यंत्रावर सुरक्षितपणे वापरताच येत नाही. मिनी लेथ ५०० किंवा त्याहून कमी फेऱ्यांवर उतरत असेल, तर त्याचे १० इंच पूर्णपणे कामी येतात.

दुसरा मुद्दा वजनाचा. बिडाचा बेड कंप शोषून घेतो. नळ्यांचा बेड तोच कंप हत्याराच्या टोकापर्यंत पोहोचवतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. मिनी लेथही जड टेबलाला बोल्टने आवळावा आणि टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवावीत. लांबीची चिंता करू नये, कारण वाडग्याला आणि पेनाला ती लागत नाही, आणि पुढे खुर्चीचे पाय कातावेसे वाटलेच तर काही मिनी लेथला बेडचा जोडतुकडा मिळतो.

अर्ध्या अश्वशक्तीची मोटर या आकाराला पुरते. पुली बदलून वेग बदलण्याची रचना कंटाळवाणी असली, तरी त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. साध्या सिंगल फेज मोटरला पंख्याचा रेग्युलेटर जोडून वेग कमी करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. मोटर तापते आणि तिचा जोर जातो. हिंगण्याच्या एमआयडीसीकडून लोखंड कातण्याचा जुना लेथ मिळत असेल, तर आधी त्याची मोटर थ्री फेजची आहे का, हे पाहावे, कारण घरात बहुधा सिंगल फेजच वीज असते.

स्पिंडलचे (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याचे) आटे विचारल्याशिवाय मात्र पैसे देऊ नयेत. १ इंच व्यास, इंचाला ८ आटे आणि २ क्रमांकाचा मोर्स टेपर (सुटे भाग बसवण्याचे निमुळते भोक) असेल, तर चक (लाकूड पकडणारा जबडा), फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवण्याची चकती) आणि सेंटर (लाकडाला टेकणारे टोक) सहज मिळतात व पुढच्या मोठ्या लेथवरही चालतात. अनोळखी मापाचे आटे असलेले यंत्र दोन-तीन हजारांनी स्वस्त असले, तरी ती बचत पहिल्या चकलाच संपते.

आता पैशांची वाटणी. माझ्या मते एक तृतीयांश रक्कम लेथबाहेर ठेवावी, कारण बोथट हत्याराने महागडा लेथही लाकूड फाडतो. हायस्पीड स्टीलचे बोल गॉज (वाडग्यासाठीची पन्हाळी पटाशी), स्पिंडल गॉज (लांबट कामासाठीची पन्हाळी पटाशी), पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करण्याचे) आणि स्क्रेपर (खरवडण्याचे) एवढी चार हत्यारे सुरुवातीला पुरेत. सोबत धार लावायला पांढऱ्या दगडाचा बेंच ग्राइंडर आणि पूर्ण चेहरा झाकणारे शील्ड घ्यावे. संचात येणारे रफिंग गॉज (चौकोनी लांबट तुकडा गोल करण्याचे हत्यार) वाडग्यावर कधीही वापरू नये; मुठीत जाणारी त्याची शेपटी बारीक असते आणि झटक्याने ती मोडते. हातमोजे घालून लेथवर उभे राहू नये. धुळीसाठी चांगला मास्क हवाच, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांत धरली आहे. उन्हाळ्यात कूलरचा झोत लेथवर येऊ देऊ नये. बेडला गंज चढतो आणि धूळ घरभर होते (घरच्यांचा विरोध सुरू होतो तो इथूनच).

सरावासाठी लकडगंजातल्या आरा मशीनवरचे सागवानाचे तुकडे किंवा काटोलकडच्या बागांतले छाटलेले संत्र्याचे लाकूड घ्यावे. संत्र्याचे लाकूड कठीण आणि बारीक पोताचे असते. ओल्या लाकडाच्या टोकांना लगेच मेण लावावे, नाहीतर इथल्या मे महिन्यात ते हमखास तडकते.

दुकानात यंत्र पाहताना हेडस्टॉक (स्पिंडल फिरवणारा भाग) आणि टेलस्टॉक (समोरचा सरकता आधार) या दोन्हींत सेंटर बसवून टोके एकमेकांजवळ आणावीत. ती समोरासमोर भिडली पाहिजेत. मग स्पिंडल हाताने फिरवावे आणि टेलस्टॉक आवळून पुन्हा पाहावे. टोक गोल गोल हलत असेल किंवा आवळताना बाजूला सरकत असेल, तर दुसरा नग मागावा. तोही तसाच निघाल्यास दुकान बदलावे.