वाचक विचारतात : न पडलेला दरोडा

गेल्या अंकात ‘बॉब ल फ्लांबर’बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. 1956 चा फ्रेंच पिक्चर, ज्याँ-पिएर मेलव्हिलचा, वय उतरणीला लागलेला एक जुगारी, बॉब, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दोव्हिल गावातला कॅसिनो लुटायचा बेत करतो अशी गोष्ट. त्यावर बऱ्याच जणांनी लिहून पाठवलं, काही खूश आहेत, काही चांगलेच चिडलेत. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतलेत. ज्यांनी अजून पाहिला नाहीये त्यांनी हे पान बाजूला ठेवा आणि आधी पिक्चर बघा, कारण पुढे शेवटासकट सगळं येणार आहे, त्याशिवाय या पिक्चरवर बोलताच येत नाही.

प्रश्न (एक वाचक, सातारा) : तुमच्या सांगण्यावरून बघितला. तिजोरीची तयारी दाखवली, नकाशा दाखवला, माणसं जमवली, आणि ऐन वेळी दरोडाच नाही! बॉब आत जुगार खेळत बसतो आणि बाहेर गोळीबार होऊन सगळं संपतं. ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का?

तुमचा राग मला कळतो, पण फसवणूक अजिबात नाही, उलट मेलव्हिल पहिल्या रिळापासून सांगत असतो की हा माणूस आधी जुगारी आहे आणि मग चोर. सुरुवात आठवा, पहाट व्हायच्या बेतात आहे आणि बॉब रात्रभर खेळून एका अड्ड्यावरून दुसऱ्या अड्ड्यावर चाललाय. त्याच्या घरात कपाटाचं दार उघडलं की आत स्लॉट मशीन आहे, म्हणजे जाता-येता एक नाणं टाकायचं आणि दांडा ओढायचा, घरात सुद्धा सुटका नाही. पुढे पॅरिसच्या लाँशाँ रेसकोर्सवर पैसे जिंकतो आणि त्याच दिवशी ते घेऊन दोव्हिलला जाऊन घालवून येतो. खिसा रिकामा झाल्यावरच तिजोरीची बातमी कानावर येते, कॅसिनोत क्रूपिए, म्हणजे टेबलावर डाव चालवणारा, असलेल्या ज्याँकडून, की ग्राँ प्री या घोड्यांच्या रेसच्या वेळी पहाटे पाच वाजता तिथे 80 कोटी फ्रँक असतात. म्हणजे दरोडा हा त्याच्यासाठी सगळ्यात मोठा डाव आहे, बाकी काही नाही.

आता तो मैदानातला सीन परत लावून बघा. कॅसिनोचा आतला नकाशा गवतावर पांढऱ्या रेषांनी खऱ्या मापाचा आखलाय, आणि सगळे त्यात उभे राहून कोणी कुठून शिरायचं, कोणी कुठे थांबायचं याची रंगीत तालीम करतात. त्यानंतर निवेदक (आवाज खुद्द मेलव्हिलचाच आहे) सांगतो की बॉबच्या डोक्यात हे सगळं कसं घडणार होतं, आणि आपल्याला दिसतं की रिकाम्या कॅसिनोत, एकही गिऱ्हाईक नसताना, ही मंडळी बंदुका घेऊन शिस्तीत शिरताहेत. तुम्हाला हवा असलेला दरोडा तो हाच. मेलव्हिलने दाखवलाय, पण बॉबच्या मनातला दाखवलाय, आणि मनातल्या दरोड्यात मध्ये येणारी माणसं नसतात म्हणून तो इतका सुरळीत पार पडतो.

खऱ्या रात्री मात्र हॉल माणसांनी भरलेला आहे, टेबलं चालू आहेत आणि बॉबचं काम आत थांबून वेळ सांभाळायचं. तो एक डाव लावतो. जिंकतो. दुसरा लावतो, पुन्हा जिंकतो. जन्मभर ज्या नशिबाची वाट बघितली ते नेमकं आज, नेमकं इथे, आणि तो घड्याळ विसरतो, साथीदार विसरतो, आलोय कशाला ते विसरतो. पाचच्या सुमाराला भानावर येतो आणि चिप्स वठवून पैसे बाहेर आणायला सांगतो, तेवढ्यात बाहेर पोलीस आणि त्याची टोळी समोरासमोर येऊन गोळ्या सुटलेल्या असतात आणि त्याने पोरासारखा सांभाळलेला पाओलो रस्त्यात पडलेला असतो. मागून कॅसिनोचे नोकर नोटांच्या थप्प्या आणून गाडीच्या डिकीत भरताहेत. मला विचाराल तर अख्ख्या क्राइम सिनेमात यापेक्षा क्रूर आणि यापेक्षा न्याय्य शेवट नाही. कॅसिनोचा पैसा त्याला मिळाला, तोही कायदेशीर, आणि त्याची किंमत त्याच्या पायाशी पडलीय.

अजून एक गोष्ट, मेलव्हिलच्या मनात ही कथा 1950 च्या सुमाराला आली तेव्हा ती तयारीवर भर देणारी गंभीर दरोडाकथाच होती. त्याच साली जॉन ह्यूस्टनचा ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ आला, ते काम त्यात इतकं चोख झालेलं बघून त्याने आपली दिशाच बदलली आणि माणसांच्या स्वभावावर, त्यांच्या रीतीभातीवर लक्ष वळवलं. तेव्हा दरोडा गायब होणं हा ठरवून घेतलेला निर्णय आहे.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : 80 कोटी फ्रँक हा आकडा जरा अतीच वाटतो, छापायची चूक नाही ना?

चूक नाही, ते जुने फ्रँक आहेत. 1960 च्या जानेवारीत फ्रान्सने नवा फ्रँक आणला तेव्हा 100 जुन्यांचा 1 नवा झाला, म्हणजे याचे 80 लाख नवे फ्रँक. रक्कम मोठीच आहे, पण ऐकताना वाटते तितकी अचाट नाही.

प्रश्न (एक वाचक, डोंबिवली) : शेवटी बॉब सलग इतका जिंकतो ते पटलं नाही. असं कुठे होतं का? लेखकाने सोय म्हणून घातलंय असं वाटलं.

एका रात्रीपुरतं होतं, आणि कॅसिनो चालतोच मुळी त्या जोरावर. रुलेट, म्हणजे चाकात गोळी फिरवायचा जुगार, त्याच्या युरोपियन चाकावर 37 घरं असतात, 1 ते 36 आणि एक शून्य. तुम्ही एका आकड्यावर लावलं आणि तो आला तर 35 पट मिळतात. शून्यामुळे जो फरक पडतो तेवढाच कॅसिनोचा फायदा, लावलेल्या पैशावर सरासरी 2.7 टक्के, अमेरिकन चाकावर दोन शून्यं असल्यामुळे 5.26 टक्के. टक्का इतका बारीक असल्यामुळेच एखादा माणूस एखाद्या रात्री ढीगभर जिंकू शकतो, ते बघून बाकीचे शंभर जण बसून राहतात, आणि वर्षाच्या शेवटी गल्ला कॅसिनोचाच भरलेला असतो. बॉब आयुष्यभर त्या शंभरांतला होता आणि त्या रात्री तो एक झाला. लेखकाची सोय म्हणायची तर बॉब हरण्यात जास्त सोय होती, हरला असता तर टेबलावरून उठून वेळेवर कामाला लागला असता!

प्रश्न (एक वाचिका, कोल्हापूर) : इन्स्पेक्टर लेद्रू बॉबला पकडण्याआधी वाचवायला का धावतो? पोलीस आहे की मित्र? आणि बॉबला कळतच नाही का की खबर फुटलीय?

बॉबने पूर्वी कधीतरी लेद्रूचा जीव वाचवलाय, एक गुंड त्याच्यावर गोळी झाडणार तेवढ्यात बॉबने त्याचा हात ढकलला. लेद्रू हे गाडीत आपल्या सहकाऱ्याला सांगतो, फार गाजावाजा न करता. तेव्हापासून दोघांचं नातं असं आहे की एकमेकांना मान द्यायचा, भेटलं की बसून बोलायचं, आणि आपापला धंदा काय आहे ते दोघांनीही विसरायचं नाही. म्हणून त्या रात्री लेद्रू पॅरिसच्या पिगाल वस्तीतले एकेक अड्डे पालथे घालतो, बॉब सापडला तर त्याला म्हणायला की बाबा जाऊ नकोस. तो सापडत नाही आणि मग लेद्रूला आपली ड्यूटी करावी लागते. मला पिक्चरमधला सगळ्यात जवळचा माणूस लेद्रूच वाटतो. त्याचं काम करणारा गी दकोंब्ल पुढे 1959 मध्ये फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘द 400 ब्लोज’मध्ये वर्गातला खवट मास्तर म्हणून दिसतो, चेहरा लगेच ओळखाल.

खबर दोन वाटांनी फुटते. पाओलो तरणाबांड पोरगा, आन नावाच्या पोरीवर छाप पाडायला बढाई मारतो, आणि ती बोलता बोलता मार्कला सांगून बसते, जो बायकांच्या जिवावर जगणारा आणि पोलिसांच्या दबावाखाली असलेला माणूस. बॉबने याच मार्कला आधी दारातून हाकलून दिलेलं असतं, कारण बाईवर हात उगारणारा माणूस त्याला चालत नाही. दुसरी वाट क्रूपिए ज्याँच्या घरातून जाते, बायकोला किमती दागिना दिला की ती विचारणारच ना की पैसे आले कुठून. एवढी तिजोरीची तयारी केली पण घरातली आणि अंथरुणातली बोलणी कोणी हिशेबात धरली नाहीत.

शेवटचा संवाद नीट ऐका म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मिळेल. बेड्या पडल्यावर गाडीत बसून हिशेब चालतो की गुन्ह्याच्या इराद्याबद्दल पाच वर्षं, चांगला वकील दिला तर तीन, आणि फारच चांगला वकील असला तर उलट नुकसानभरपाईच मागता येईल. पाओलो नुकताच गेलाय आणि ही माणसं असं बोलतात, कारण रडणं त्यांच्या रीतीत बसत नाही.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : पॅरिस इतकं खरं कसं वाटतं? सेट आहे की रस्त्यावर जाऊन शूट केलंय?

रस्त्यावर, आणि हा प्रश्न विचारलात म्हणून फार बरं वाटलं. माँमार्त्र आणि पिगाल खरे आहेत, दोव्हिलसुद्धा खरं, आतले बरेच सीन मेलव्हिलच्या स्वतःच्या स्टुडिओत झाले, पॅरिसच्या र्‍यू जेनेर रस्त्यावर. त्याच्यामागे मोठी कंपनी नव्हती, पैसे जमतील तसं थोडं थोडं करत हे शूटिंग बराच काळ रेंगाळलं. कॅमेरामन आँरी देकाए. पहिली पाच मिनिटं फक्त बघण्यासाठी बघा, टेकडीवर साक्रे-कर् चर्चची पांढरी घुमटं, तिथून फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची छोटी रेल्वे, खाली उतरते आणि मग पिगाल दिसतं, वर स्वर्ग आणि खाली नरक असं निवेदक सांगतो, निऑनच्या पाट्या अजून पेटलेल्या आहेत आणि पाणी मारणारी गाडी चौक धूत चाललीय. कामाला उशीर झालेली झाडूपोछावाली बाई लगबगीने जाते आणि त्याच रस्त्यावर आन, काहीच काम नसलेली, वयाने फारच लहान. आनचं काम करणारी इझाबेल कोरे तेव्हा खरंच किशोरवयीन होती. बॉब झालेला रोझे द्युशेन 1930 च्या दशकात नायक असायचा आणि युद्धानंतर पडद्यावरून जवळपास गायब झाला होता, त्याचा तो पांढरे केस झालेला थकलेला रुबाब मेकअपने आणता आला नसता. आरशात स्वतःला बघून तो गुंडाच्या चेहऱ्याबद्दल एक वाक्य टाकतो ना, तिथे मला दर वेळी नट कुठला आणि बॉब कुठला ते वेगळं करता येत नाही.

कमी पैशात, खऱ्या रस्त्यावर, हलक्या मनाने पिक्चर काढता येतो हे पुढच्या तरुण पोरांनी इथे बघितलं. देकाएने नंतर ‘द 400 ब्लोज’ शूट केला, आणि गोदारने आपल्या 1960 च्या ‘ब्रेथलेस’मध्ये मेलव्हिलला लेखकाची छोटी भूमिका दिली.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : कॅसिनो लुटणं म्हटलं की ‘ओशन्स इलेव्हन’, याच्यात आणि त्याच्यात तुलना होईल का?

कुठला ‘ओशन्स’ तेवढं आधी ठरवू. 2001 चा स्टीव्हन सोडरबर्गचा बहुतेकांनी पाहिलाय, तीन कॅसिनोंची एकच तिजोरी, 16 कोटी डॉलर, सगळं घड्याळासारखं जुळून येतं आणि मजा येते, माझी तक्रार नाही. 1960 चा मूळ, लुईस माइलस्टोनचा, त्यात फ्रँक सिनात्रा आणि त्याचे दोस्त, युद्धातले जुने सैनिक नवीन वर्षाच्या रात्री वीज घालवून लास व्हेगासचे पाच कॅसिनो लुटतात. हे नट दिवसा शूटिंग करायचे आणि रात्री सँड्स हॉटेलात स्टेजवर शो करायचे, त्यामुळे पिक्चर जरा सैल आहे, गप्पांचा अड्डा जास्त आणि दरोडा कमी. पण शेवट जबरदस्त! पैसे शवपेटीत लपवलेत आणि विधवा दफनाऐवजी दहन करायचं ठरवते, हे प्रार्थनेला बसलेले असतात आणि पलीकडे सगळं जळत असतं. तिथे नशीब बाहेरून येऊन घाव घालतं. बॉबच्या बाबतीत घाव त्याच्या आतूनच येतो, म्हणून माझं झुकतं माप बॉबला.

प्रश्न (एक वाचिका, पुणे) : बॉब फार आवडला. आता पुढे काय बघू?

1963 चा ‘मेलोदी आँ सू-सोल’, इंग्रजीत ‘एनी नंबर कॅन विन’ नावाने शोधा. आँरी व्हेर्नुईचा आहे, तुरुंगातून सुटलेला म्हातारा ज्याँ गाबँ, तरणा आलाँ दलाँ आणि कान शहरातला पाम बीच कॅसिनो. इथे दरोडा खरंच पडतो, त्यामुळे सातारच्या वाचकांनाही हा चालेल, शेवटी स्विमिंग पूलवर लक्ष ठेवा, जास्त काही सांगत नाही. नील जॉर्डनने 2002 मध्ये बॉबचीच गोष्ट निक नोल्टीला घेऊन ‘द गुड थीफ’ म्हणून परत केली, तो नंतर सवडीने बघितला तरी चालेल. पण ‘ब्रेथलेस’ अजून पाहिला नसेल तर तो मात्र बॉबच्या लगेच पाठोपाठ लावा, त्यात सुरुवातीलाच हिरोला चेक वठवून हवा असतो, आपल्या बॉबचं, म्हणजे बॉब मॉन्तान्येचं, नाव निघतं आणि तो तुरुंगात असल्याचं कळतं.