शस्त्रक्रियेपूर्वी खाणे कमी करून वजन उतरवावे का, आणि नंतर किती दिवस फक्त पातळ आहार द्यावा?

आपण विचारले आहे की आपल्या आईचे वय ६४ आहे, तिला मधुमेह आहे, वजन जास्त आहे आणि मोठ्या आतड्यातील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आली आहे. घरातील मंडळी म्हणतात की तेवढ्यात खाणे तोडून तीन-चार किलो उतरवले तर भूल सोसेल आणि साखरही आटोक्यात येईल, आणि शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा दिवस आतड्याला विश्रांती म्हणून केवळ पातळ पदार्थ द्यावेत.

उतरवू नका. या वयात, या आजारात, घाईने उतरवलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला, खोकून छातीतला कफ बाहेर काढायला आणि पलंगावरून उठून उभे राहायला नेमके तेच स्नायू लागणार असतात.

इतक्या ठामपणे लिहिणारा मी डॉक्टर नव्हे. मी सव्वीस वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले. उपाशी शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून यकृतात त्यांची साखर कशी बनवते, हे मी दर वर्षी फळ्यावर बाण काढून समजावून सांगत असे. आणि तीच क्रिया माझ्या वडिलांच्या अंगात चार महिने माझ्या डोळ्यांदेखत चालू असताना मी त्यांचे अभिनंदन करत होतो.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ही गोष्ट २००६ सालची. दादांचा मधुमेह जुना, पोट सुटलेले, आणि 'वजन कमी करा' हे त्यांना प्रत्येक तपासणीत ऐकवले जात असे. त्या वर्षी कसलाही प्रयत्न न करता त्यांचे वजन उतरू लागले. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी दाभण तापवून स्वतःच्या हाताने एक नवे भोक पाडले आणि महिन्या-दीड महिन्याने दुसरे पाडले. दोन्ही भोके किंचित वाकडी होती आणि त्यांच्या कडा जळून काळ्या झाल्या होत्या. तो पट्टा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडाही खाली आला होता, आणि तो पाहून माझे थोरले बंधू अण्णा म्हणाले, "बघ, दादांनी शेवटी मनावर घेतलं." मीही मान डोलावली. गाठीतून रक्त जात असेल तर तांबड्या पेशींचे सरासरी वय बदलते आणि तो आकडाच फसवा ठरू शकतो, हे मला पाठ होते. पण जे वर्गात पाठ असते ते घरात आठवेलच असे नाही. पुढे गाठ सापडली. तोपर्यंत दादा ७८ किलोंवरून ६७ वर आले होते, म्हणजे चार महिन्यांत वजनाचा १४ टक्के भाग गेला होता. उंचीच्या मानाने ते अजूनही जाडच दिसत होते, त्यामुळे 'कुपोषित' हा शब्द कुणाच्याही तोंडी आला नाही.

हे धोक्याचे लक्षण आहे, हे वैद्यकशास्त्राला कालपरवा कळलेले नाही. क्लीव्हलंडमधील शल्यचिकित्सक हायरम स्टडली यांनी १९३६ साली जठरव्रणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते त्यांच्यापैकी सुमारे ३३ टक्के दगावले. ज्यांचे तितके घटले नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण ३.५ टक्के होते. म्हणजे आजचे वजन किती हा प्रश्न दुय्यम आहे. ते किती महिन्यांत किती घटले, हे आधी विचारायला हवे. आज सहा महिन्यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक घट झाली असेल तर रुग्णाला गंभीर पोषणजोखमीत धरतात, आणि शक्य असल्यास शस्त्रक्रिया एक-दोन आठवडे पुढे ढकलून आधी त्याला खाऊ घालावे, असे युरोपातील तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. गाठ काढायची असताना हा थांबा जिवावर येतो, हे मी समजू शकतो.

आता अण्णांचा मुद्दा, जो आमच्या घरात आजही मिटलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की दादा दिसायला चांगले होते आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन थोडेच कमी होते, तेव्हा पुढे झाले ते नशिबाने झाले. अल्ब्युमिनवरून पोषण ठरवण्याची सवय अनेक डॉक्टरांनाही आहे, म्हणून अण्णांना एकट्याला दोष देत नाही. पण अल्ब्युमिनचे अर्धे आयुष्य, म्हणजे त्यातले निम्मे मोडायला लागणारा काळ, सुमारे २० दिवसांचे असते, त्यामुळे ते सावकाश बदलते. शिवाय अंगात सूज किंवा संसर्ग असला की खाणे उत्तम असूनही ते खाली येते, आणि नुसत्या उपासमारीत बराच काळ टिकूनही राहते. ते आजाराची तीव्रता सांगते. दंडावरचे मांस किती गेले, हे त्याला विचारून उपयोग नाही. दिसायला चांगले असण्याबद्दल सांगायचे, तर बोस्टनचे तरुण शल्यचिकित्सक जॉन क्रँडन यांनी १९३९-४०च्या सुमारास स्वतःवरच एक प्रयोग केला. ते अनेक महिने क जीवनसत्त्वाशिवायच्या आहारावर राहिले. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम नेहमीसारखी भरली. सहाव्या महिन्यात केलेली जखम वरून मिटली, पण आत भरलीच नाही, आणि क जीवनसत्त्व दिल्यावरच भरू लागली. (यावरून धावत जाऊन गोळ्यांच्या बाटल्या आणू नका. कमतरता असेल तिथेच भरपाईचा उपयोग.) साठा संपत आलेले शरीर रोजचे व्यवहार निभावून नेते, आणि जखम मागणी करू लागली की मगच त्याची तूट उघडी पडते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री दादा नऊ वाजता जेवले. त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही, अशी सक्त ताकीद होती. सकाळी नऊची वेळ होती. आधीच्या रुग्णाची शस्त्रक्रिया लांबली आणि दादांना दुपारी तीन वाजता आत नेले. अठरा तास. ओठांवर ओला कापूस फिरवायचीसुद्धा परवानगी मागावी लागली. या नियमाचे मूळ मी नंतर शोधले. १९४६ साली कर्टिस मेंडेलसन यांनी प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये जठरातील अन्न आणि आम्ल फुप्फुसात गेल्याची प्रकरणे मांडली. भीती खरी होती, आणि आहे. पण त्यातून 'मध्यरात्रीनंतर काहीही नाही' असा सरसकट शिरस्ता पडला, तो पाण्यालाही लावला गेला, आणि पाणी तर जठरातून फार लवकर पुढे सरकते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच सांगितले होते की नेहमीच्या रुग्णाला हलका आहार सहा तास आधीपर्यंत आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. दादांच्या वेळी त्याला सात वर्षे होऊन गेली होती.

शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस तोंडाने काही नाही, कारण वारा सरलेला नव्हता. मी काळजी बोलून दाखवली तेव्हा अण्णा म्हणाले, "अरे, सलाइन चालू आहे ना, मग उपाशी कसे?" त्या वाक्याने मी इतका चिडलो की तपासण्यांच्या पाकिटावर, त्यांच्यासमोर, हिशेब मांडला. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते. दिवसाला दोन लिटर धरले तरी १०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. आणि प्रथिने शून्य. त्यांच्या वजनाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने धरली, तर दिवसाची गरज १७०० ते २००० कॅलरी आणि ८० ते १०० ग्रॅम प्रथिनांची होती. अण्णांनी पाकीट उलटून त्यावरचा तपासणीचा क्रमांक वाचला आणि म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?"

जमेच्या बाजूला एवढे कमी असताना खर्च मात्र वाढलेला असतो. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या आसपास दाखवले की पायाचे हाड मोडलेल्या धडधाकट माणसांच्याही लघवीतून नायट्रोजन, म्हणजे मोडलेल्या प्रथिनांची खूण, भरमसाट जातो, नुसता तो पाय पडून राहिल्याने जाईल त्याहून कितीतरी अधिक. इजा झाली की सगळे अंगच स्नायू मोडून इंधन आणि दुरुस्तीचे सामान पुरवू लागते. १० ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे ६२ ग्रॅम प्रथिन, आणि तेवढे प्रथिन म्हणजे जवळपास ३०० ग्रॅम स्नायू. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर एका दिवसात एवढे जाणे नवलाचे नाही. भरीला कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतात. मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते आणि ही अवस्था काही आठवडे रेंगाळू शकते. उपाशीपोटी शस्त्रक्रियेला गेलेल्या शरीरात तिचा जोर अधिक असतो, हे स्वीडनच्या ओले युंगक्विस्ट यांच्या कामातून पुढे आले. त्यामुळे आपल्या घरच्यांचा 'कमी खाल्ले की साखर आटोक्यात' हा हिशेब शस्त्रक्रियेच्या काळात चुकतो. साखर औषधाने किंवा इन्सुलिनने आटोक्यात आणायची असते. त्यासाठी ताट काढून घ्यायचे नसते.

आतड्याच्या विश्रांतीबद्दल. आतडे विश्रांती घेतच नाही. माणूस उपाशी असला तरी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून दिवसाला कित्येक लिटर द्रव त्यातून वाहत असतो, आणि जोडलेल्या टाक्यांवरूनही जातो. लहान आतडे तर शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच हलू लागते. मागे राहते ते मोठे आतडे, आणि वारा सरण्याची वाट पाहणे म्हणजे सगळ्यांत मंद गड्यासाठी सगळ्यांना खोळंबून ठेवणे. कोपनहेगनचे हेन्रिक केहलेट १९९०च्या दशकापासून आतड्याचा भाग काढलेल्या रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खायला देत, वेदना नीट आवरून चालायला लावत, आणि त्यांचे बरेच रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जात.

दादांची जखम नवव्या दिवशी उसवली. एकतीस दिवसांनी घरी आले तेव्हा खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागत असे. आणखी सहा वर्षे ते जगले, पण वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत पुन्हा कधी गेले नाहीत.

एक कबुली इथे द्यायला हवी. दादांना नीट खाऊ घातले असते तर जखम उसवलीच नसती, हे मी सिद्ध करू शकत नाही. मधुमेह होता, रक्त कमी होते, वय होते. अण्णांशी वाद घालताना मी हे कधी मान्य केलेले नाही. तसेच, अधिक खाऊ घालणे म्हणजे नेहमी अधिक चांगले असेही नाही: अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेवाटे पोषण दिल्याचा फायदा फक्त गंभीर कुपोषितांना झाला, आणि बाकीच्यांत संसर्ग वाढले. शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी देतात त्या पिष्टमय पेयाने इन्सुलिनचा प्रभाव सुधारतो, पण रुग्णालयातील मुक्काम थोडासाच घटतो. आणि मधुमेहात जठर संथ झाले असेल तर हे पेयही भूलतज्ज्ञांनी ठरवल्याशिवाय देऊ नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिनांचे आकडे बदलतात. फार दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट धोकादायक पातळीवर घसरू शकते. आणि लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेआधी यकृत आकसावे म्हणून देखरेखीखाली कमी उष्मांकाचा आहार मुद्दाम देतात, तो प्रकार वेगळा. घरच्यांनी ऐकलेली गोष्ट बहुधा तीच असावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला दिवसांचा नेमका आकडा मी देणार नाही, कारण शस्त्रक्रिया पोट उघडून होणार की दुर्बिणीतून, जोड कुठे येणार, हे मला माहीत नाही. पण आठ-दहा दिवस नुसते पातळ, असे कुणी सांगितले तर त्याचे कारण विचारा, आणि पातळच द्यायचे असेल तर त्यात प्रथिने किती आहेत तेही विचारा. तोवर आईला दर खाण्यात दूध, अंडी, डाळी असे काही मिळू द्या, रोज चालवा, आणि शल्यचिकित्सकांना व भूलतज्ज्ञांना आधीच भेटून साखरेची औषधे, पाणी बंद करण्याची वेळ आणि वेळ लांबली तर काय करायचे हे लिहून घ्या. सहा महिन्यांपूर्वीचे तिचे वजन लिहिलेला एखादा जुना कागद असेल तर तो सोबत न्या. दादांचा ७८ किलोंचा कागद कपाटात होता, पण तो आम्हाला शस्त्रक्रियेनंतर सापडला. त्याआधी मी डॉक्टरांना पट्ट्याची भोके मोजून दाखवू लागलो होतो, तेव्हा अण्णा हसले होते.