पाणी बेताचं, उजेड पुरेसा : घरातल्या झाडांविषयी तुमचे प्रश्न

नाशिकच्या इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. शेजारची इमारत खेटून असल्याने हॉलमध्ये ऊन येत नाही. आम्ही दोघंही दिवसभर नोकरीवर. कोणतं झाड टिकेल?

दुपारी दिवा न लावता तिथे वर्तमानपत्र वाचता येतं का, ते आधी पाहा. येत असेल तर झीझी प्लांट घ्या. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं हे झाड जमिनीखालच्या बटाट्यासारख्या कंदात पाणी साठवतं, त्यामुळे दोन-तीन आठवडे पाणी चुकलं तरी तग धरतं. वाढ सावकाश होईल, म्हणून खत वाढवू नका. वाचता येत नसेल, तर तिथे झाड ठेवूच नका. ते हळूहळू मरतं आणि आपल्याला उशिरा कळतं.

स्नेक प्लांटची पानं जुलैपासून पिवळी पडून बुडातून लोळताहेत. माती गावाकडच्या शेतातली आहे, पाणी एक दिवसाआड घालते. खत कमी पडतंय का? (सिडको)

ताई, खत नाही, पाणी जास्त होतंय. आपल्याकडची काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत पाणी धरून बसते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. त्यात पावसाळी दमट हवेत माती सुकतच नाही.

झाड कुंडीतून काढा. मऊ पडलेली, वास मारणारी मुळं स्वच्छ चाकूने कापा आणि उरलेलं झाड दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. मग दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू आणि थोडं गांडूळखत घालून, तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावा. यापुढे वार पाहून पाणी घालू नका. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरला की कुंडी बाल्कनीतून घरात घ्या आणि पाणी आणखी कमी करा.

पानाचे निरोगी तुकडे लावूनही रोपं होतात, पण पिवळ्या किनारीच्या जातीत नवी पानं साधी हिरवी येतात. किनार हवी असेल तर कंदाचा तुकडा पानासकट वेगळा करून लावा.

या झाडांनी घरातली हवा शुद्ध होते ना?

जाहिरातीत सांगतात तशी नाही. त्यासाठी दाखला देतात तो नासाचा १९८९चा अभ्यास बंद पेटीत झाडं ठेवून केलेला होता. खोलीत हवा येत-जात असते, तिथे चार-सहा कुंड्यांनी फरक पडत नाही. खिडकी उघडा. झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून आणा, तेवढं कारण पुरेसं आहे.

घरात रांगतं बाळ आहे. मनी प्लांट चालेल?

पान चावलं तर तोंडात आग होते, सूज येते. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे हे होतं, झीझीतही ते असतात. दोन्ही उंच टांगा किंवा बाळ मोठं होईपर्यंत थांबा. तोवर स्पायडर प्लांट लावा. तो विषारी नाही आणि खिडकीजवळच्या उजेडात छान फोफावतो. पानांची टोकं तपकिरी झाली तर एखादा दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं नळाचं पाणी घालून पाहा.