2 एकर वावर की 8 लाख?

यवतमाळ जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलंय. वय 34, मुलगी 9 वर्षांची, तीन वर्षांपासून माहेरी. फारकत दोघांच्या संमतीनं घ्यायची ठरलीय. सासरच्यांनी तीन गोष्टी पुढे ठेवल्यात: सहा एकरांतलं 2 एकर कोरडवाहू वावर, किंवा एकरकमी 8 लाख, किंवा महिन्याला 5 हजार. भाऊ म्हणतो, वावरच घे, जमीन कुठं पळून जात नाही.

ताई, भावाचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव चढणं ही लहान गोष्ट नाही. पण हे वावर माहेरापासून 40 किलोमीटरवर, वाट नवऱ्याच्याच धुऱ्यावरून. तुम्हाला ते वाहणं जमणार नाही, मक्त्यानंच द्यावं लागेल. मक्ता एकरी 8 हजार असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षाचे 16 हजार, महिन्याला साडेतेराशेसुद्धा नाहीत. आणि मक्तेदार त्यांच्याच गावचा.

महिन्याचे 5 हजार ऐकायला बरे वाटतात, पण मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच आहे. नवरा पगारदार असता तर कोर्टाला पगारातून पोटगी कापायला लावता आली असती. कापूस-तुरीवर जगणाऱ्याच्या हातात पैसा येतो तो दिवाळी ते संक्रांत. 2017 सारखं बोंडअळीचं एक वर्ष आलं की हप्ता थांबेल, आणि तुम्ही वसुलीच्या अर्जावर तारखा करत बसाल. त्याची नियत चांगली असली तरी हे होऊ शकतं.

म्हणून माझं मत 8 लाखांच्या बाजूनं आहे. त्यातले 6 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवा. सध्याच्या 7.4 टक्के दरानं महिन्याला 3,700 रुपये येतील, कोणाच्या तोंडाकडे न पाहता. 50 हजार बँकेत, अडीनडीला. उरलेल्या दीड लाखातून मुलीचं सुकन्या खातं उघडा, आणि लवकर उघडा: दहा वर्षं पूर्ण झाली की ते उघडता येत नाही. थोडे पैसे दरवर्षी टाकत राहिलात तरी चालेल.

आता तुम्ही पाठवलेला मसुदा. 500 च्या स्टॅम्पवर ‘आई व मुलीचा यापुढे कसलाही हक्क राहणार नाही’ असं लिहिलंय. ह्यावर सही करू नका. तुम्ही 8 लाख घेतले म्हणून मुलीची पोटगी संपत नाही, तो तिचा हक्क आहे. शिवाय वावर खरंच वडिलोपार्जित असेल, तर 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात तिचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तिच्या पोटगीची रक्कम वेगळी लिहून घ्या आणि तिचा बोजा, म्हणजे त्या देण्याची नोंद, त्या जमिनीवर चढवण्याची अट संमतीच्या अर्जातच घाला. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तो दिसला की जमीन घ्यायला येणारा आधी त्याबद्दल विचारेल.

नोटरीच्या शिक्क्यानं लग्न मोडलं असं समजू नका, हुकूम कोर्टाचाच हवा. संमतीच्या अर्जात साधारण सहा महिन्यांनी दुसरी तारीख असते. त्या दिवशी डीडी हातात पडल्यावरच शेवटची संमती द्या, तोवर ती मागे घेता येते. 8 लाख एकदम जमत नाहीत म्हणाले आणि उरलेल्या रकमेपोटी वावर देऊ लागले, तर हुकुमाच्या आधीच नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. पत्नीला शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, फारकतीनंतर ती सवलत राहत नाही. त्याआधी सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आहे का, ते तपासा.

तुमची पोत, मुलीच्या कानातलं आणि शिलाई मशीन अजून तिकडेच आहे असं पत्राच्या शेवटी, जाता जाता, लिहिलंय. ताई, ते स्त्रीधन आहे, 8 लाखांत धरायचं नाही. यादी करा, सोनाराची पावती असेल तर जोडा. मशीन तर सगळ्यात आधी आणा. महिन्याला ब्लाउज शिवून जे दोन-अडीच हजार मिळायचे, ते तीन वर्षं बंद आहेत.

वकिलाच्या पैशांची काळजी लिहिली होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करा, आणि मसुद्यावर सही करण्याआधी जा.