वाचक विचारतात : कासवाच्या पेटीत काय अंथरावं?

या वेळी जमिनीवरच्या कासवांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. आधी कायद्याचं एक सांगतो. आपल्याकडचं तारा कासव, म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घरी पाळता येत नाही. ‘बारक्या पोराला हौस होती’ हे कारण वनखात्यापुढे चालत नाही. सुल्काटासारखी (आफ्रिकेतलं मोठं जमिनीवरचं कासव) परदेशी जात असेल, तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी करावी लागते. खालचे पहिले चार प्रश्न नोंदणी झालेल्या सुल्काटांचेच आहेत.

तळहाताएवढं सुल्काटाचं पिल्लू आहे, पेटी ४ बाय २ फुटांची. आमच्याकडे उसाचं चिपाड फुकट मिळतं. ते अंथरलं तर चालेल का? नाहीतर काय आणि किती टाकावं? (सांगली)

चिपाड नको. त्यात साखरेचा अंश राहतो. ओल लागली की दोन दिवसांत ते आंबतं, मुंगळे येतात आणि बुरशी धरते. वाळलेल्या चिपाडाच्या काड्या डोळ्यांत जातात. पाचटही नको, त्याची कड करवतीसारखी असते. भाताचं तूस टोचतं आणि ओल धरत नाही. सुतारखान्यातल्या भुशात प्लायवूडचा डिंक असतो, देवदाराच्या भुशातल्या तेलाने श्वसनाला त्रास होतो. नुसती वाळू खाण्याबरोबर पोटात जाऊन आतड्यात साठते. कासव दोन-चार दिवस शी करत नसेल आणि मागचे पाय ओढत चालत असेल, तर आधी ही शंका घ्यावी आणि घरगुती तेल वगैरे न पाजता प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग खत-फवारणी न झालेली तांबडी माती, हे मिश्रण घ्या. निव्वळ काळी माती टाळा. ओली असताना ती पायांना चिकटते आणि वाळली की ढेकळं होतात. थर १० सेंटिमीटर जाड हवा. तुमच्या पेटीला साधारण ७२ लिटर मिश्रण लागेल. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ६०-७० लिटर होते, म्हणजे एक वीट आणि दोन घमेली माती एवढ्यात काम भागून थोडं कोकोपीट उरतंही. विटेवर २०-२५ लिटर पाणी हळूहळू ओता. फुगल्यावर जुन्या धोतरात घालून दोनदा धुऊन पिळा, कारण काही कोकोपीटमध्ये खारटपणा असतो.

मूठभर मिश्रण दाबलं की त्याचा गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. पुढे वरून शिंपडत बसू नका. आठवड्यातून एक-दोनदा चारही कोपऱ्यांत तांब्याने पाणी सोडा. खालचा थर ओला राहील आणि वरचा कोरडा. पोटाखाली सतत ओल राहिली तर कवच मऊ पडतं, वास येतो आणि कूज लागते.

‘हे तर वाळवंटाकडचं जनावर, त्याला ओल कशाला?’ असं विकणारेही सांगतात. सुल्काटा आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं आहे हे खरं, पण तिथे उन्हाचा वेळ ते बिळात काढतं आणि बिळात दमटपणा असतो. कोरड्या पेटीत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर खवल्यांचे उंचवटे येतात, ते नंतर सपाट होत नाहीत. पेटीत ७० ते ८० टक्के आर्द्रता हवी. तिच्या जोडीला ऊब हवीच. ऊब देणाऱ्या दिव्याखाली ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, लांबच्या टोकाला २६-२८, आणि रात्रीही २६ च्या खाली नको. ओल आणि गारठा एकत्र आले की नाकातून बुडबुडे येतात, छाती भरते. सांगलीतल्या जानेवारीच्या पहाटे हे सहज होतं.

पावसाळ्यात थरावर पांढरी बुरशी येते. (वाई)

पाणी देणं थांबवा आणि दोन दिवसांनी एकदा मिश्रण खुरप्याने वरखाली करा. झाकण पूर्ण बंद असेल तर हवेला वाट ठेवा. शी आणि उरलेला पाला रोज उचला, संपूर्ण थर दोन-तीन महिन्यांनी बदला. फिनेल आणि डांबर गोळ्या पेटीजवळही नकोत. मुंग्यांसाठी खडू ओढू नका, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

आमचं कासव दिवसभर काचेला धडका देतं. कंटाळलं असेल का? जोडीला दुसरं आणू का? (कराड)

दुसरं आणू नका. एका पेटीतली दोन कासवं बहुधा एकमेकांना ढकलतात आणि एक उपाशी राहतं. आपण ज्याला ‘शेजारी शेजारी झोपलेत’ म्हणतो, तिथे बऱ्याचदा जागेवरून भांडण चाललेलं असतं.

काच ही अडचण आहे हे कासवाला कळत नाही. पलीकडचं दिसतंय, मग जायचंच. काचेवर खालून १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत बाहेरून तपकिरी कागद लावा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच धडका थांबतात. दिव्याखाली फार गरम होतंय का, हेही पाहा. गारव्याची जागा शोधतानाही ते असंच फिरतं.

आता विरंगुळा. फुटका माठ आडवा करून अर्धा पुरा, कडा दगडावर घासून बोथट करा. आत मिश्रण जरा जास्त ओलं ठेवा, ते त्याचं बीळ. दिव्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा टाका. त्यावरच पाला दिला तर माती पोटात जात नाही आणि नखं, चोचही झिजतात. उथळ पाण्यासाठी मातीची परळ ठेवा. पाणी हनुवटीपर्यंतच.

खाणं रोज एकाच जागी वाढू नका. हरळी चार ठिकाणी खोचा, तुतीची डहाळी अशी टांगा की मान उंचावावी लागेल, जास्वंदीचं फूल माठामागे ठेवा. फड्या निवडुंगाचं पान काटे जाळून द्या, अर्धा तास कुरतडत बसेल. एका कोपऱ्यात थर २० सेंटिमीटर करा आणि उकरू द्या. दर पंधरा दिवसांनी माठ किंवा दगडाची जागा बदला, पण सगळं एकदम हलवू नका. कण्हेर, घाणेरी, एरंड, धोतरा यांचं पानही पेटीत जाऊ देऊ नका. लाल-पिवळे प्लास्टिकचे खडेही नकोत, कारण कासवं भडक रंग खाणं समजून चावतात.

चढ-उतार बुटका ठेवा. दिव्याखाली उलटं पडलेलं पिल्लू काही तासांत दगावू शकतं.

गच्चीवर मोकळं सोडलं तर? (विटा)

एप्रिलमधल्या गच्चीवर अजिबात नको, काँक्रीटने पोट भाजतं. अंगणात सकाळी अर्धा तास, निम्मी सावली ठेवून आणि तुमच्या डोळ्यांसमोर. कावळे, कुत्री आणि मुंगूस तिथेच असतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा कवचाला उपयोग नाही, हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवते. आणि हे कासव पुढे ४० किलो, कधी त्याहूनही जास्त भरतं, बीळ खणतं. कुंपण जमिनीखाली दीड-दोन फूट गेलं पाहिजे. जागा नसेल तर आत्ताच विचार करा.

आमचं कासव कोकोपीटवर ठेवल्यापासून काही खात नाही. डोळ्यांमागे लाल पट्टा आहे. (मिरज)

ते पाण्यातलं, लाल कानाचं स्लायडर आहे. त्याला असं अंथरूण लागतच नाही, आजच पाण्यात न्या. कवचाच्या लांबीच्या दीड-दोन पट खोल पाणी, फिल्टर आणि पूर्ण बाहेर येऊन कोरडं होता येईल असा फळीचा ओटा द्या, ओट्यावर ऊब आणि अतिनील दिवा. तीन-चार दिवसांत खायला लागलं नाही किंवा डोळे सुजले, तर डॉक्टरांना दाखवा. सांभाळणं जमत नाही म्हणून कृष्णेत मात्र सोडू नका. ते अमेरिकेतलं आहे, आपल्या नदीतल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं.