पोअरिंगमध्ये सेल येत नाहीत, वर तडेही जातात. कोणतं सिलिकॉन घेऊ?

तुम्ही केलंत अ‍ॅक्रिलिक पोअरिंग, म्हणजे पातळ रंग ओतून काढलेलं चित्र : १२ × १६ इंचाचा कॅनव्हास, फ्लिप कप (एकाच कपात रंगांचे थर ओतून तो कॅनव्हासवर पालथा घालायचा), सिलिकॉन तेलाचे दहा थेंब. तरी सेल, म्हणजे पेशींसारखे गोल आकार, नाहीत, रंग मातकट झाले आणि वाळल्यावर मधोमध तडे गेले. आणि यावर तुमचा प्रश्न काय, तर सिलिकॉन कोणत्या कंपनीचं घेऊ!

कुठलंही घ्या. खरं तर घेऊच नका. 'सिलिकॉनशिवाय सेल येत नाहीत' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. हे शिकवणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सेल हा आधी वजनाचा खेळ आहे. टायटॅनियम व्हाइटची भुकटी पाण्याच्या चौपटीहून जड, तर काळ्यातला कार्बन जेमतेम दुप्पट. पांढरा वर आणि काळा खाली असला की पांढरा बुडू बघतो, काळा त्याला फाडून वर डोकं काढतो, आणि त्या ओढाताणीत सेल उमटतात. मेक्सिकन चित्रकार दाविद अल्फारो सिकेरोस १९३६ साली न्यूयॉर्कच्या कार्यशाळेत रंगांचे थर एकावर एक ओतून हेच करत होता. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक तिथेच शिकायला होता. रंग अ‍ॅक्रिलिक नव्हते, मोटारींना मारतात तसले लॅकर होते. २०१५ साली मेक्सिकोतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी तो प्रकार पुन्हा करून पाहिला. काळ्यावर पांढरा ओतला तर नक्षी आली, पांढऱ्यावर काळा ओतला तर नाही. यात सिलिकॉन कुठे आलं?

म्हणून फ्लिप कप करताना पांढरा कपात सगळ्यात आधी ओता. कप पालथा झाला की तळाचा रंग वर येतो, आणि आपल्याला जड रंग वरच हवाय. बहुतेक जण पांढरा शेवटी ओततात आणि मग बाटलीतल्या थेंबांवर भरवसा ठेवतात.

आता पातळपणा. तुमचं चित्र बहुधा इथेच बिघडलं. दर चौरस इंचाला साधारण १.२ मिली मिश्रण लागतं, कडेने ओघळणारं धरून. म्हणजे तुम्हाला २३० मिली हवं : १०० मिली फेव्हिकॉल, ५० मिली पाणी, ८० मिली रंग. फेव्हिकॉल आणि पाणी आधी एकजीव करा, मग ते रंगात थोडंथोडं घाला. सावकाश ढवळा, फेटू नका. चहाच्या गाळणीतून गाळा आणि तासभर झाकून ठेवा, बुडबुडे वर येऊन फुटतात. काडी उचलल्यावर काकवीसारखी अखंड धार पडली पाहिजे, खाली छोटा उंचवटा व्हावा आणि एक-दोन सेकंदांत सपाट व्हावा. उंचवटा तसाच राहिला तर चमचाभर पाणी, उमटलाच नाही तर रंग वाढवा. सगळे कप सारखेच पातळ हवेत. एक जरी पाण्यासारखा झाला तरी तो बाकीच्यांत घुसतो आणि सगळा चिखल होतो. जांभळा आणि पिवळा शेजारी ओतलात तर चिखल ठरलेलाच, मध्ये पांढरा ठेवा. कॅनव्हास कलवताना रंग एकेका कोपऱ्यापर्यंत एकदाच न्यायचा. मागेपुढे डुलवत बसलात की आलेले सेलही ताणून फाटतात.

तड्यांचं कारण वेगळं. वरची साय आधी वाळते, खालचा ओला थर नंतर आकसतो आणि साय फाटते. मधोमधच तडे गेले, म्हणजे रंगाच्या वजनाने कॅनव्हास मध्ये झोळीसारखा खचला आणि तिथे डबकं साचलं. मागून चौकटीत घट्ट बसेल असा पुठ्ठा द्या, किंवा सरळ एमडीएफची फळी घ्या. टेबल पाणसळ लावून समतल करा. वाळेपर्यंत पंखा बंद. नागपूरकडच्या मे महिन्यात तर वरून खोका झाका, खाली हवेला बोटभर फट ठेवून. कोकणात जुलैमध्ये उलटी तऱ्हा, तीन दिवस झाले तरी बोटाला चिकटतं.

सिलिकॉन घालायचंच असेल तर १०० मिलीला दोन थेंब, तेही एक-दोन रंगांतच, आणि काडी दोनदा फिरवून थांबा. जास्त घातलंत किंवा जास्त घोटलंत तर सेल न येता चाळणीसारखी भोकं पडतात. शिवाय ते तेल पृष्ठभागावर राहतं आणि त्यावर वार्निश बसत नाही, जागोजागी मागे सरून गोल डाग पडतात. तीन आठवडे वाळू द्या, मग भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसा. स्पिरिट नको, अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं.

हो, एक राहिलं. फेव्हिकॉल सरावापुरताच. दमट हवेत तो मऊ पडतो, दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवलीत तर चिकटतील. विकायच्या चित्रासाठी फेव्हिकॉलऐवजी अ‍ॅक्रिलिकचंच पोअरिंग मीडियम (रंग ओतण्याजोगा करायचं तयार द्रव) घ्या. आणि उरलेला रंग मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. प्लास्टिकवर वाळवा, सोलून निघतो.

पुढचा कॅनव्हास खर्ची घालण्याआधी बाथरूमच्या दोन टाइल घ्या. एकीवर सिलिकॉन घालून, दुसरीवर न घालता, पण पांढरा कपाच्या तळाशी ठेवून ओता. वाळल्यावर ज्यांनी दहा थेंब सांगितले त्यांना दाखवा, कुठली कोणती ते न सांगता.