मुलगा लवकरच अठरा पूर्ण करेल. कॉलेजला जाण्यासाठी ४५ हजारांत कुठली जुनी दुचाकी घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलाला कराडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, गाव वीसेक किलोमीटरवर आहे, एसटीच्या वेळा जुळत नाहीत आणि घरात तीन मतं आहेत. त्यानं कुठूनतरी स्वस्तात मिळणारी केटीएमची ड्यूक २०० ही स्पोर्ट्स बाईक शोधून ठेवलीय, यजमान स्प्लेंडर म्हणतात आणि तुम्हाला अ‍ॅक्टिव्हा बरी वाटते. माझं कराडातच दुचाकीचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. जुनी गाडी घेण्याआधी दाखवायला आणणारे थोडे असतात, घेऊन झाल्यावर आणणारेच जास्त. तुम्ही आधी विचारताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ड्यूकबद्दल. स्प्लेंडरच्या इंजिनाची ताकद सुमारे ८ बीएचपी असते, ड्यूक २००ची सुमारे २५. तीनपट ताकद, आणि हात मात्र पहिल्यांदाच गाडीवर बसलेला. मुलगा समजूतदार असेलही, पण मूठ जरा जास्त पिळली गेली तर काय करायचं हे शिकायला त्या गाडीवर वेळच मिळत नाही. शिवाय ४५ हजारांत ती गाडी कुणी देत असेल, तर ती एकतर ठोकलेली आहे, नाहीतर कागदात काहीतरी अडकलंय. त्याला नाही म्हणा, आणि का ते नीट समजावून सांगा.

अ‍ॅक्टिव्हा चांगली गाडी आहे. मुलगा शहरातच राहणार असता तर मीही तीच म्हटलं असतं. पण तुमचा रस्ता गावाकडचा आहे. २०२०च्या आधीच्या साध्या (१२५ नसलेल्या) अ‍ॅक्टिव्हाची दोन्ही चाकं दहा इंची, त्यानंतर आलेल्या ६जी मॉडेलचं पुढचं चाक बारा इंची. स्प्लेंडरची चाकं अठरा इंची. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या रस्त्यांची काय अवस्था होते ते तुम्ही जाणताच. ज्या खड्ड्यावरून मोठं चाक तरून जातं, त्यात लहान चाक सरळ उतरतं आणि हँडल हातातून सुटतं. रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर करायचे असतील तर मोठ्या चाकाची, कमी ताकदीची मोटारसायकल घ्या. स्प्लेंडर, पॅशन, शाइन, यातली कुठलीही चालेल. पुढे डिस्क ब्रेक असलेली शाइन १२५ हाताला लागली तर माझी पहिली पसंती तिला.

एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी सीबीएस पद्धत आणि त्यावरच्या गाड्यांना ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं एबीएस सक्तीचं झालं. नवशिकी मुलं घाबरली की नुसता मागचा ब्रेक दाबतात. सीबीएस असेल तर मागचा दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. म्हणून त्यानंतरची गाडी मिळाली तर उत्तम. बजेटमध्ये नाही बसली तर आधीची घ्या, पण सरळ असलेली घ्या. हे ‘सरळ’ म्हणजे काय ते आता सांगतो, कारण सगळी फसगत तिथंच होते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा १५० सीसीची काळी गाडी घेऊन आला. आठवडाभरापूर्वीच घेतलेली, पॉलिश केलेली, नवे स्टिकर, सीटला नवं कव्हर. तक्रार एवढीच, की साठच्या पुढे हँडल जरा थरथरतं. मी गाडी मधल्या स्टँडवर लावली, चार पावलं मागे जाऊन खाली बसलो आणि एक डोळा मिटून पाहिलं. मागच्या टायरच्या रेषेत पुढचा टायर येत नव्हता, डावीकडे बोटभर बाहेर दिसत होता. मग टाकी काढून चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, हँडल बसतं तिथला गळा पाहिला. हँडल पूर्ण वळलं की अडावं म्हणून तिथं दोन्ही बाजूंना लोखंडाचे छोटे ठोंब असतात. त्यातला एक चेपलेला होता आणि त्याच्यावरच तेवढा ताजा काळा रंग मारलेला. म्हणजे गाडी कधीतरी समोरून इतक्या जोरात आदळली होती, की हँडल त्या ठोंबावर आपटून तो दबला. पुढचे शॉकअप बदलले होते, ते धरणारी टी नवी होती, पण चासी तीच वाकलेली. त्या मुलाच्या वडिलांनी उसने पैसे काढून ती गाडी घेतली होती. मी त्यांना ती चालवू नका म्हणालो तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

तेव्हा गाडी बघायला गेलात की रंग आणि स्टिकर बघत बसू नका. गाडी स्टँडवर लावायला सांगा, मागून दोन्ही टायर एका रेषेत दिसतात का पाहा. दोरी घेऊन गेलात तर आणखी बरं. मागच्या टायरला टेकवून पुढच्या टायरपर्यंत दोन्ही बाजूंनी ताणायची, अंतर सारखं यायला हवं. मोबाइलचा टॉर्च लावून गळ्याजवळचे ते ठोंब पाहा. एकाच जागी नवा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर गाडी तिथंच सोडा, कितीही स्वस्त असली तरी. शॉकअपच्या नळ्यांवरून हात फिरवा, तेल लागतं का, कुठं उंचवटा लागतो का. लिव्हरची टोकं घासलेली किंवा एखादा फूटरेस्ट किंचित वाकडा असेल तर घाबरू नका. उभी गाडी पडली तरी तेवढं होतं.

इंजिनाचं सोपं आहे. सकाळी लवकर जायचं आणि आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्याबरोबर इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागलं तर त्यांनी सकाळी चालू न होणारी गाडी आधीच चालू करून ठेवली असण्याची शक्यता आहे. थंड असेल तर चालू करायला लावा आणि सायलेन्सरकडे बघा. पहिल्या मिनिटात हलकी वाफ निघाली तर हरकत नाही. रेस दिल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे काम काढलं. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मीटर १८ हजार दाखवत असेल आणि ब्रेकच्या पायडलचं रबर, किकचं रबर, हँडलच्या मुठी गुळगुळीत झाल्या असतील, तर खरं ते रबर सांगतं.

टायरवर बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर दगड झालेला असतो, ओल्या रस्त्यावर पकडत नाही. असा टायर असेल तर त्याचे पैसे भावातून कमी करून घ्या.

आणि हेडलाइट अंधारात बघा. हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडं ऊसतोडणी सुरू झाली की संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. प्रॅक्टिकल संपवून घरी निघालेल्या पोराला ती ट्रॉली वेळेत दिसायची तर उजेड हवा. जुन्या गाडीत काच पिवळी पडलेली असते, आतला रिफ्लेक्टर काळवंडलेला असतो, रेस कमी झाली की उजेड मंदावतो. नवा हेडलाइट फार महाग नसतो. इंजिनाला भरपूर पैसे घालणारे लोक इथंच हात आखडतात याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणूनच सांगतो, ४५ हजारांची गाडी घेऊ नका. ३३-३५ची घ्या आणि दहा हजार बाजूला ठेवा. घेतल्या दिवशीच दोन्ही ब्रेकचे लायनर, केबल्या, चेनसेट, ऑइल, लागले तर टायर, हे सगळं करून घ्या. नावावर करायचा खर्च आणि विमा त्यातूनच. हेल्मेटही त्यातूनच, आयएसआय मार्कचं, पूर्ण तोंड झाकणारं, मुलाच्या डोक्याला घट्ट बसणारं. रस्त्याकडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटं घेऊ नका.

आता कागद. आरसीवरचं नाव आणि विकणारा माणूस एकच आहे का? मध्ये दुसराच कुणी असेल आणि सही केलेले कोरे टीटी (गाडी नावावर करायचे) फॉर्म दाखवत असेल, तर मूळ मालक समोर आल्याशिवाय पैसे देऊ नका. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून कर्ज, विमा, पीयूसी बघता येतं. ई-चलानं किती बाकी आहेत तेही बघा आणि विकणाऱ्यालाच भरायला लावा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हवा. चासी नंबर स्वतः डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहा. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सक्तीची सुरक्षा नंबरप्लेट, मालकाकडूनच बसवून घ्या, व्यवहारानंतर त्यांचा फोन लागत नाही.

नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की लगेच नावावर करा. ‘नंतर बघू’ म्हणणारे खूप आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका प्रकरणात स्पष्ट केलंय, की अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, गाडी मधल्या मध्ये कितीही हातांत फिरलेली असो. विकणाऱ्यालाही हे सांगा, मग तोच तुमच्या मागे लागून नाव बदलून घेईल.

विम्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळतो. त्यामुळं २०१९-२० सालच्या कितीतरी गाड्यांचा विमा संपलाय आणि मालकाला त्याचा पत्ताच नाही. विमा चालू असेल तर गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत तो नावावर करायला कंपनीकडे अर्ज द्या. दुसरी गोष्ट म्हणजे पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो मालक-चालकाचा असतो, म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याचा. गाडी यजमानांच्या नावावर आणि रोज चालवणार मुलगा, असं असेल तर ते कव्हर मुलासाठी नाही. म्हणून माझ्या मते लायसन्स हातात आलं की गाडी मुलाच्याच नावावर घ्यावी.

लायसन्सवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की अठरा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत आणि कॉलेज त्याआधीच सुरू होतंय. ते दोन महिने, आणि लर्निंग काढल्यावर पक्क्या लायसन्सच्या परीक्षेसाठी लागणारे तीस दिवस, एसटीचा पास काढा. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची विनागिअर गाडी चालवता येते, आणि तुम्ही ज्या गाड्या बघताय त्यातली एकही त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, अपघात झालेला नसला तरी, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या पोर्श गाडीनं केलेल्या अपघातानंतर हे कलम सगळ्यांना माहीत झालं, तरी ‘दोनच महिने तर राहिलेत’ म्हणणारे आईबाप मला दर जूनमध्ये भेटतात. आणि परीक्षा गिअरच्या गाडीवरच द्यायला सांगा. विनागिअरवर दिली तर लायसन्सही तेवढंच मिळतं.

मागच्या वर्षी माझ्या मुलीसाठी मीही जुनी गाडीच घेतली. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या एका ताईंची शाइन, टाकीवर ओरखडे, उजव्या बाजूचं पॅनेल तडकलेलं. मुलीला ती अजिबात आवडली नव्हती. पण चासी दोरीसारखी सरळ, आणि आधीच्या मालकीणबाईंनी ती कधी कुणाला चालवायला दिली नव्हती. लर्निंग निघाल्यावर दर रविवारी सकाळी आम्ही एका मोकळ्या मैदानात जायचो. मी जमिनीवर खडूनं रेघ मारायचो. चाळीसच्या वेगानं यायचं, ठरलेल्या खुणेवर दोन्ही ब्रेक धरायचे आणि रेघेच्या आत थांबायचं. पहिल्या रविवारी ती रेघेच्या दोन गाड्यांच्या लांबीइतकी पुढं जाऊन थांबली आणि मागचं चाक घसरलं, चांगलीच घाबरली. पाचव्या रविवारी रेघेच्या हातभर अलीकडं थांबायला लागली. मग मैदानावर पाणी ओतून पुन्हा पहिल्यापासून. हे तुमच्या मुलाकडूनही करून घ्या. यजमानांनी रेघ मारली तरी चालेल, त्याला गॅरेजवालाच लागतो असं नाही.

गाडी बघायला मुलालाही बरोबर न्या, दोरी त्याच्याच हातात द्या. दोन-तीन गाड्या नजरेत भरल्या की सकाळी थंड इंजिन चालू करतानाचा सायलेन्सरचा, गळ्याजवळच्या ठोंबांचा आणि मागून दोन्ही टायर दिसतील असा एकेक व्हिडिओ काढा आणि या उत्तराखाली टाका. रात्री दुकान बंद केल्यावर मी बघतो आणि कुठली घ्यावी ते सांगतो.